तुऱ्यातून नवा ऊस

तुरा आला की उसाची वाढ थांबते, म्हणून शेतकऱ्याला तो नकोसा. संशोधकाला मात्र नवं वाण त्यातूनच मिळतं. आधी परागकणांवर आयोडीनचा थेंब टाकतात. कण काळेनिळे झाले तर सकस. तो तुरा नर. बहुतेक फिकट राहिले तर मादी.

अडचण पुढेच. तोडलेला ऊस लवकर सुकतो. म्हणून नर उसाच्या खालच्या कांड्यांवर आधीच ओली माती बांधून मुळं फुटू देतात. मग तो तोडून मादीजवळ उभा करतात आणि दोन्ही तुरे कापडी आवरणात झाकतात. नराचा वर, मादीचा खाली. पराग आपसूक झडतो.

को ६२१९८ आणि कोसी ६७१ या वाणांच्या अशाच संकरातून महाराष्ट्राचा लाडका को ८६०३२ आला. अशा संकरांसाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचं ऊस प्रजनन केंद्र सिंधुदुर्गात आंबोलीला आहे.