पोहण्याची चड्डी आणि ताशी २४२ किलोमीटर

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रोलंड फ्री या स्वाराने तेथे व्हिन्सेंट मोटारसायकल ताशी सुमारे २४२ किलोमीटर वेगाने पळविली. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून अंगात फक्त पोहण्याची चड्डी, डोक्याला आंघोळीची टोपी आणि स्वतः गाडीवर पालथा पडलेला! ते छायाचित्र जगभर गाजले. गृहस्थ सुखरूप उतरला हे त्याचे नशीब. आज तो याच वेषात आला तर तपासणीतूनच त्याला परत पाठवतील.

१९४९ पासून या मैदानावर ‘स्पीड वीक’ नावाची वेगस्पर्धा भरत आली आहे. येणारे बहुतेक हौशी, पदरचे पैसे घालणारे. तपासणारेही स्वयंसेवकच. पण तपासणीत भीडभाड नसते.

हे तपासनीस काय पाहतात? स्वाराच्या अंगाला बांधलेली एक दोरी इंजिनच्या बटणाला जोडलेली असते; स्वार पडला की इंजिन बंद. हात सोडताच ॲक्सिलरेटर आपोआप मिटला पाहिजे. ऑइलचा नट सैल होऊन तेल मागच्या चाकाखाली येऊ नये म्हणून तो तारेने बांधलेला असतो. एवढेच काय, टायरच्या व्हॉल्व्हवरचे टोपणही धातूचे लागते. चाक अतिवेगाने फिरताना आतली पिन बाहेरच्या बाजूला रेटली जाऊन हवा निसटू शकते. तिला अडवते ते हे इवलेसे टोपण.

आता आम्हा डॉक्टरांच्या प्रांतातली गोष्ट. कातडी सूट एकसंध हवा, नाहीतर जाकीट आणि पँट चेनने जोडलेली हवी. माणूस घसरत गेला की सुटे जाकीट वर सरकते आणि पाठ-कंबर उघडी पडते. ‘नुसते खरचटले आहे’ म्हणून आमच्याकडे येणाऱ्या कित्येक जखमा खरे तर घर्षणाने भाजल्याच्या असतात. त्वचेचे थर जातात, आत खडी-माती रुतते, पू होतो. त्या घर्षणात कातडे झिजते ते जनावराचे, स्वाराचे वाचते.

नवख्याला पहिल्याच दिवशी पूर्ण वेग मिळत नाही. परवान्याच्या पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात. आणि नियम फक्त स्वारालाच असतात असेही नाही. मैदानाची स्थिती खराब म्हणून २०१४ आणि २०१५ साली आयोजकांनी स्पर्धाच रद्द केली. लांबून गाड्या घेऊन येणाऱ्यांचा हिरमोड झाला असेल, पण मला तो निर्णय फार आवडला.

हेल्मेटवर तेथे मानकाचा शिक्का लागतोच, शिवाय ते फार जुने चालत नाही. याचे कारण आपल्याही उपयोगाचे आहे. आतला थर्माकोलसारखा थर दबतो, म्हणून कवटीला बसणारा धक्का कमी होतो. एकदा दबला की तो पुन्हा फुगत नाही. बाहेरून रंग लावला तरी जोराचा मार बसलेले हेल्मेट बाद समजावे. आपल्याकडे जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेली दुचाकीची हेल्मेट बनविण्यास व विकण्यास बंदी आहे, तरी रस्त्याकडेला स्वस्त टोप्या दिसतातच. आणि पट्टा न बांधता घातलेले हेल्मेट रस्त्यावर आपटण्याआधीच डोक्यावरून उडून जाते.

हेल्मेट असूनही डोक्याला मार बसला आणि नंतर उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.