काटा लाल रेघेवर

"मामा, काटा वर चाललाय," भाचा म्हणतो, आणि तेवढ्यात बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागते.

नगर रस्त्यावर सणसवाडीच्या चौकाअलीकडे आम्ही अडकून पडलोय. पुढे कंटेनर, डाव्या हाताला कंपनीची बस, उजवीकडे दुभाजक. मे महिन्यातली दुपार, त्यात शिफ्ट सुटायची वेळ. गाडी जागची हलत नाही, म्हणजे रेडिएटरला वारं नाही. सगळी मदार पंख्यावर, आणि पंख्याचा आवाज मघापासून बंद आहे.

"चौकाच्या पुढे नेऊ का? जवळच आहे."

"नको. इथंच बंद कर."

तो चावी फिरवतो. मागे हॉर्नचा गोंगाट सुरू होतो. बसमधून निळ्या गणवेशातले चौघे न बोलावता उतरतात, बसवाला थोडी मागे घेऊन वाट देतो, आणि ढकलत ढकलत गाडी कडेच्या मातीवर येते. पांढरी पुंटो, अंगावर लाल पट्टे, नाकावर विंचवाचं चिन्ह. पोरं लगेच फोन काढतात. भाच्याचं तिकडे लक्ष नाही. तो गाडीच्या पुढे उभा आहे आणि हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नाहीये.

एक टेम्पोवाला पाण्याचा कॅन घेऊन धावत येतो. त्याच्या मनात निव्वळ मदत आहे. तो कॅन तिरका करणार इतक्यात रस्त्यापलीकडून आरोळी येते, "ओ, पाणी टाकू नका! झाकणाला हात लावू नका!" दोन्ही हात वर करून, ट्रेलर थांबवत एक मिस्त्री रस्ता ओलांडतो. साठीच्या आसपासचा, खाकी पँट, खिशात टेस्टर. त्याच्यामुळे दोन अनर्थ टळतात. उघडं पाणी शंभर अंशांना उकळतं. बंद नळ्यांमधलं कूलंट मात्र दाबाखाली असल्यामुळे १२० अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब पडतो, सगळं एकदम उसळतं आणि तोंड भाजतं. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतलं तर हेडला तडा जायला वेळ लागत नाही.

"निवू द्या आधी. आणि स्टार्टर मारू नका परत, काय?"

"नाही मारत, मिस्त्री."

गाडी निवेपर्यंत बघ्यांपैकी एकजण विचारतो, ही इंपोर्टेड का हो? भाचा पहिल्यांदा नीट बोलतो. "आपल्या रांजणगावचीच आहे." खरंच आहे ते. इथून वीसेक किलोमीटरवर फियाट आणि टाटांचा भागीदारीतला कारखाना आहे. तिथं पुंटो बनायची, तिथलंच १.३ लिटरचं डिझेल इंजिन टाटांच्या इंडिका व्हिस्टात बसायचं, आणि २०१७ पासून तिथं जीप कंपास बनतेय. ऑक्टोबर २०१५ मध्ये ही अबार्थ पुंटो बाजारात आली. इंजिन १३६८ सीसी, टर्बो, ताकद १४५ अश्वशक्ती. शून्यावरून शंभरावर ८.८ सेकंदांत. किंमत दहा लाखांच्या जराशी आत. विंचू आला तो कार्लो अबार्थ यांच्या राशीवरून. त्यांनी १९४९ मध्ये इटलीत आपली कंपनी काढली. पुढे फियाटनं भारतात आपल्या नावाच्या गाड्या विकणं थांबवलं, आणि ही गाडी जुन्या बाजारात वेड्यांच्या शोधाची वस्तू झाली. भाचा त्या वेड्यांपैकी एक. सणसवाडीतल्या प्रेस शॉपमध्ये डायच्या देखभालीवर आहे. ओव्हरटाइमचे पैसे साठवून त्यानं ही पुण्यातून घेतली.

गॅरेज रस्त्यापलीकडच्या गल्लीत आहे, वर पत्रा, खाली ऑइलनं काळी पडलेली फरशी. संध्याकाळी इंजिन हाताला सोसेल इतकं गार झाल्यावर मिस्त्री आधी कूलंटच्या टाकीचं झाकण फडक्यात धरून सोडवतो. तळाशी उरलंय ते तांबूस पाणी. कूलंट नव्हेच. तो बोट बुडवतो, चोळतो आणि आमच्यासमोर धरतो. बोटावर गंजाची भुकटी.

"बोअरचं पाणी भरत होता मागला मालक," तो म्हणतो.

मला खरा राग येतो तो इथं. जुनी वेगवान गाडी घेताना माणसं इंजिनचा आवाज ऐकतात, पिकअप बघतात, टायरची नक्षी बघतात, पण या टाकीत कोणी डोकावत नाही. कूलंट गोठण-उकळणीपुरतं नसतं, गंज धरू नये म्हणूनही असतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं. ते वर्षानुवर्षं फिरलं की रेडिएटरच्या बारीक नळ्या आतून भरत जातात. गाडी थंडीत, मोकळ्या रस्त्यावर मुकाट चालते. मग उन्हाळ्यात एक दिवस वाहतूक तुंबते आणि पंख्याचा रिलेही साथ सोडतो. आजचं सगळं त्या टाकीत आधीपासून साचत होतं.

मिस्त्री ऑइलचं झाकण काढून उलटं करतो. आतल्या बाजूला ताकासारखा पांढरट थर. भाचा खाली बसतो. ऑइलमध्ये पाणी शिरलंय, हे सांगायला आता कोणी लागत नाही.

तरीही मिस्त्री घाई करत नाही. चारही प्लग काढून फडक्यावर क्रमानं मांडतो. पहिला आणि चौथा तपकिरी. दुसरा आणि तिसरा धुतल्यासारखे लख्ख. ते वाफेनं धुतले गेलेत, कारण त्या दोन सिलिंडरमध्ये पाणी जात होतं. "असंच स्टार्टर मारला असता," तो भाच्याला सांगतो, "तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला असता." मग प्लगची भोकं उघडी ठेवून तो हाताखालच्या पोराला एकदाच चावी मारायला लावतो. फस्सकन तांबूस पाण्याचा फवारा उडतो आणि पत्र्याच्या भिंतीवर ओघळ उतरतात. नंतर गेज लावून कॉम्प्रेशन. पहिल्यात दीडशेच्या वर, चौथ्यात तेवढंच. मधल्या दोघांत काटा साठाशी घुटमळतो. शेजारशेजारचे दोन्ही पडले, म्हणजे त्यांच्यामधलं गॅस्केट जळालं.

हेड उतरतं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. भाच्यानं रजा टाकलीय. टर्बोचे पाइप, मॅनिफोल्ड, टायमिंगचा पट्टा, एकेक वस्तू निघते आणि तो प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर भोक पाडून त्यात खोचतो, खाली मार्करनं जागा लिहितो. डाय सोडवणाऱ्याचे हात आहेत ते, इथं उपयोगी पडतात. मिस्त्री ते बघतो, बोलत काही नाही, फक्त पुढचा पाना स्वतः न लावता त्याच्या हातात देतो.

गॅस्केटवर दोन सिलिंडरच्या मधली अरुंद पट्टी काळी पडून तुटलीय. मिस्त्री हेड उलटं ठेवतो, पुसतो, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरतो आणि खालून फिलर गेजचं पातं सरकवतो. कडेला पातं जात नाही. मध्यावर अलगद आत जातं. हेड बाकलंय. हेड ॲल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, आणि बोल्टांनी आवळलेलं असल्यामुळे फुगायला जागा नसते.

भाचा सिलिंडरमध्ये टॉर्च मारतो. भिंतींवरच्या कारखान्यातल्या तिरक्या रेघा अजून शाबूत आहेत, ओरखडा नाही. तो मान वर करतो.

"मिस्त्री, ब्लॉक चांगला आहे?"

"चांगला आहे. वेळेत बंद केली तू. आणखी थोडी ओढली असतीस तर पिस्टन घासले असते, मग मी म्हटलं असतं कुर्ल्याच्या भंगारात इंजिन शोध."

मिळालं असतं का, हा प्रश्न मी गिळतो. ही गाडी मुळात थोडीच बनली.

हिशेब गॅरेजच्या भिंतीवरच खडूनं होतो. हेड फेसिंगला भोसरीला जाईल, आधी तडा आहे का ते दाबाच्या पाण्यावर तपासून. गॅस्केट, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर, पंख्याचा रिले. पट्टा उतरलाच आहे तर तोही नवा. आकडा भाच्याच्या दोन पगारांच्या पुढे जातो. मी हळूच विचारतो, आहे तशी विकायची का?

"नाही मामा." एवढंच बोलून तो यादी फोनवर उतरवायला लागतो. शेवटच्या ओळीशी थांबतो. "हेडचे बोल्ट जुनेच चालतील ना? दिसायला तर ठीक आहेत."

"ते एकदा आवळले की ताणले जातात," मिस्त्री हात पुसत म्हणतो. "नवे आण. जुने मी लावणार नाही."

भाचा बोल्ट लिहितो, त्यापुढे दहा नग लिहितो, आणि भोसरीच्या लेथवाल्याला फोन लावतो.