दोन खेळ, दोन घड्याळे

व्हिडिओ खेळांत डावपेचांचे खेळ बुद्धीचे आणि मारधाडीचे केवळ बोटांचे, असा एक समज आहे. माझाही होता. सिड मायर यांचा १९९१ साली आलेला 'सिव्हिलायझेशन' हा माझा आवडता खेळ. त्यात नगरे वसवावीत, तह करावेत, आणि आपली खेळी होईपर्यंत काळाने मुकाट्याने थांबून राहावे, आमच्या दिल्लीतल्या फायलीसारखे!

नोएडाच्या आमच्या घरी माझा मुलगा मात्र 'बीजीएमआय' खेळतो. २०२१ साली निघालेल्या या खेळात शंभरजण विमानातून उड्या घेतात, सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि अखेर एकच संघ उरतो. एकदा मी त्याच्या पाठीशी उभा राहिलो. गोळीबार थोडाच होता. वर्तुळ कोठे सरकेल, टेकडी आताच गाठावी की शत्रूंना आपसांत झुंजू द्यावे, हा हिशेबच अधिक. फक्त त्यासाठी त्याला क्षण-दोन क्षणच मिळत. विचार दोन्हीकडे आहे. घड्याळ कोणाच्या हाती, एवढाच फरक.

मग मी त्याला माझा खेळ दाखवला. राजधानी पडताच मी आधी जपून ठेवलेला डाव उघडला. तो हसला. "बाबा, तुम्ही हरतच नाही. मागे जाता."

त्याच्या खेळात ती सोय नाही. त्या रात्री, उरलेल्या तीन नगरांनिशी, मी डाव तसाच पुढे चालवला.