शबनम पिशवीतील चित्रशाळा
(द्वितीय वर्ष, कला)

आपण स्वतःला कला शाखेचे विद्यार्थी म्हणवतो. पण आपल्या वेळापत्रकात इतिहास, अर्थशास्त्र, मराठी, राज्यशास्त्र यांचे तास असतात, चित्रकलेचा तास नसतो. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्या आहेत. दहावी झाली, रंगपेटी माळ्यावर गेली आणि चित्रकलेशी असलेला संबंध तिथेच संपला, अशी बहुतेकांची कथा असते. पुढे कोणी विचारलेच, तर दोन उत्तरे तयार असतात. एक, वेळ मिळत नाही. दोन, साहित्य परवडत नाही.

ही दोन्ही उत्तरे खोटी नाहीत. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलामुलींना घरी गेल्यावर शेतातले, गोठ्यातले, स्वयंपाकघरातले काम असते. परंतु याच मुलांचा रोजचा तास-दीड तास गाडीत आणि गाडीची वाट पाहण्यात जातो, हेही खरे. आपला मोकळा वेळ घरात नाही. तो स्टँडच्या बाकावर, गाडीच्या खिडकीशी आणि फाट्यावरच्या झाडाखाली सांडलेला असतो. तेव्हा चित्रे काढायची असतील तर त्याच वेळात काढली पाहिजेत, आणि साहित्यही त्याच वेळेला साजेल असे जमवले पाहिजे. ते कसे जमवावे, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

साहित्य निवडताना मी तीन कसोट्या लावतो. पहिली, पिशवीत हात घातल्यापासून एका मिनिटात कागदावर पहिली रेघ उमटली पाहिजे. दुसरी, सारे काही मांडीवर किंवा उभ्याने हातात मावले पाहिजे. जमिनीवर काही मांडावे लागता कामा नये. तिसरी, एखादी वस्तू हरवली किंवा भिजली तर घरी सांगायला जीभ अडखळू नये. ज्या घरातून पहिलेच मूल महाविद्यालयात आले आहे, त्या घरात ही तिसरी कसोटी सर्वांत मोठी असते.

प्रवासात चित्रे काढण्याची रीत नवी नाही. १७९० च्या दशकात पुण्यातील गंगाराम तांबट या चित्रकाराने वेरूळ आणि कार्ले येथील लेण्यांची चित्रे जागेवर जाऊन काढली. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी केलेले त्याचे हे काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपलेले आहे. पुढे १८३२ साली फ्रेंच चित्रकार देलाक्रवा मोरोक्कोला गेला. वाटेत रंगवत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्याने लहान वह्यांत भराभर रेखाटने केली आणि रेखाटनातच रंगांची नावे लिहून ठेवली. त्या वह्यांच्या आधारावर तो पुढे आयुष्यभर चित्रे रंगवत राहिला. आपल्याला त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की प्रवासातील वही ही चित्र पुरे करण्याची जागा नव्हे, पाहिलेले टिपून ठेवण्याची जागा आहे. हे एकदा मनाशी ठरले की निम्मे साहित्य आपोआप गळून पडते.

आता प्रत्यक्ष साहित्याकडे वळू.

कागद : सर्वांत जास्त विचार कागदाचा करावा. कागदाची जाडी 'जीएसएम'मध्ये मोजतात. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम भरते ते. आपल्या नेहमीच्या वहीचा कागद साधारण ५० ते ७० ग्रॅमचा असतो. त्यावर पेन्सिल चालते. पण ओला हात लागला की तो फुगतो आणि मागच्या पानावर शाई उतरते. चित्रांसाठी १२० ते १५० ग्रॅमचा ड्रॉइंग पेपर पुरेसा होतो. त्याहून जाड कागद नुसत्या रेखाटनाला लागत नाही आणि पिशवीचे वजन मात्र वाढवतो.

तयार चित्रवही मिळते, पण ती घरीही करता येते. साधारण २२ × ३० इंची ड्रॉइंग पेपरचा एक पूर्ण ताव घ्यावा. तो तीन वेळा अर्धा अर्धा कापला की ११ × ७.५ इंचांचे आठ तुकडे होतात. ते एकमेकांत ठेवून मधोमध दुमडावेत, दुमडीवर दाभणाने तीन भोके पाडावीत आणि जाड दोऱ्याने शिवावे. एका तावात ५.५ × ७.५ इंचांची ३२ पानांची वही होते. ही वही तळहाताहून थोडी मोठी असते, शबनममध्ये पुस्तकांशेजारी उभी राहते आणि गर्दीत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पाठीमागे जुन्या खोक्याचा ताठ पुठ्ठा लावावा, म्हणजे उभ्याने काढताना टेकू मिळतो. खिडकीतल्या वाऱ्याने पाने उडतात. त्याला कपडे वाळत घालायचे दोन चिमटे हा उत्तम उपाय.

पेन्सिल : पेन्सिलीत शिसे असते असे आपण सवयीने म्हणतो, प्रत्यक्षात ते ग्राफाइट आणि माती यांचे मिश्रण असते. निकोला-झाक काँते या फ्रेंच माणसाने १७९५ साली ही कृती शोधली. मातीचे प्रमाण वाढवले की पेन्सिल कठीण आणि फिकट होते, ती 'एच'. ग्राफाइट वाढवले की मऊ आणि काळी होते, ती 'बी'. आपण लिहितो ती 'एचबी' या दोहोंच्या मध्ये बसते. प्रवासासाठी एक 'टू-बी' आणि एक 'सिक्स-बी' अशा दोन पुरेत. पहिलीने आकार बसवावा, दुसरीने दाट सावली भरावी. पेन्सिली घरूनच ब्लेडने लांब टोक काढून आणाव्यात. चालत्या गाडीत ब्लेड काढू नये. टोक मोडू नये म्हणून सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या व्हॉल्व्ह ट्यूबचा बोटभर तुकडा टोकावर चढवावा. मऊ पेन्सिलीचे चित्र समोरच्या पानावर घासून काळे होते, म्हणून दोन पानांमध्ये जुन्या लग्नपत्रिकेतला पातळ कागद ठेवावा.

पेन आणि शाई : पेन हातात असले की खोडता येत नाही, म्हणून माणूस आधी नीट बघतो. बॉलपेन चालते, परंतु शाईचे पेन अधिक उपयोगी, कारण साधी शाई पाण्यात विरघळते. निळ्या-काळ्या शाईने रेघा मारून त्यावर ओला कुंचला फिरवला की शाई पसरून करडी छटा तयार होते. रेघ आणि सावली दोन्ही एकाच पेनातून मिळतात. कुंचला नसेल तर ओले बोटही चालते. मात्र ही शाई उन्हात फिकी पडते, तेव्हा अशी चित्रे भिंतीवर न लावता वहीतच ठेवावीत. पाण्याने न विरघळणारी वॉटरप्रूफ शाई पेनमध्ये भरू नये. ती आत वाळून नळी बंद करते. ती वापरायची असेल तर आपला जुना बोरू आहेच. बोरूचे टोक तिरपे कापले की जाड आणि बारीक अशी दोन्ही वळणे मिळतात, आणि त्याला खर्च काहीच नाही.

घाट चढताना शाईचे पेन कधी कधी गळते. वाईहून महाबळेश्वराकडे चढत जावे तसा हवेचा दाब कमी होत जातो. पेनमध्ये अडकलेली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून घाटापूर्वी पेन पूर्ण भरून घ्यावे, म्हणजे आत हवेला जागा थोडी राहते, आणि निब वर करून खिशाला लावावे.

कुंचला आणि पाणी : एकच गोल कुंचला घ्यावा, सहा नंबरचा. त्याचे टोक नीट जुळत असेल तर बारीक रेघही निघते आणि आभाळही भरता येते. कुंचला टूथब्रशच्या झाकणाच्या डबीत ठेवावा. दांडा लांब असल्यास कापून टाकावा. पाण्यासाठी औषधाची लहान रिकामी बाटली धुऊन घ्यावी, तिचे बूच हेच पाण्याचे भांडे. जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा हातभर तुकडा सोबत असावा; कुंचला टिपायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

रंग : बारा रंगांची पेटी प्रवासाला नको. लाल, पिवळा, निळा या तीन रंगांतून बाकीचे बरेचसे करता येतात, त्यात फार तर एक तपकिरी घालावा. जलरंगाच्या नळ्यांतून वाटाण्याएवढा रंग शीतपेयाच्या बाटलीच्या पत्र्याच्या बुचांत पिळून दोन-तीन दिवस वाळू द्यावा आणि ती बुचे एखाद्या चपट्या डबीत चिकटवावीत. वाळलेला जलरंग ओल्या कुंचल्याने पुन्हा जागा होतो, कारण जलरंग म्हणजे रंगाची पूड आणि डिंक. हे लक्षात घेतले तर गेरूची बारीक वस्त्रगाळ पूड डिंकाच्या पाण्यात घोटून आपला आपणही तांबूस रंग करू शकतो. आपल्याकडच्या मातीला, कौलांना आणि उन्हाळ्यातल्या डोंगरांना तो शोभतोही. पोस्टर कलर मात्र असा वाळवू नये. त्याला तडे जाऊन तो पूड होऊन सांडतो.

एवढे सगळे मिळून वजन अर्धा किलोच्या आत राहते. रंग आणि कुंचला वगळून सुरुवात केली तर शंभर-दीडशे रुपयांत भागते. पैसे साठतील तशी एकेक वस्तू वाढवत न्यावी.

आता या साहित्याचा वापर. समजा, गाडी पंधरा मिनिटे थांबणार आहे. पहिली दोन मिनिटे नुसते पाहावे आणि एकच गोष्ट निवडावी : चहाची टपरी, नाही तर बाकावर झोपलेला माणूस. पुढची तीन मिनिटे पेन्सिलीने मोठे आकार, बारकावे नाहीत. मग सात-आठ मिनिटे पेन. उरलेल्या वेळात ओल्या बोटाने एकाच बाजूची सावली करावी आणि कडेला रंगांची नावे, ठिकाण, तारीख, वेळ लिहावी. 'जांभळट पदर', 'शेवाळी भिंत' एवढे लिहिलेले रात्री घरी रंग भरायला पुरते. गाडी लवकर सुटली तर चित्र तसेच सोडावे. अर्धवट चित्रालाही तारीख घालावी.

माणसांची चित्रे काढताना एक पथ्य पाळावे. शक्य असेल तिथे विचारावे, आणि काढल्यावर दाखवावे. "मावशी, तुमचं चित्र काढू का?" असे विचारले की बहुतेक जणी आधी हसतात, मग पदर सावरून बसतात. कोणी नको म्हटले तर वही मिटावी. गर्दी जमली तर भिंतीला पाठ लावून बसावे, म्हणजे मागून कोणी वाकत नाही. हे विशेषतः मैत्रिणींच्या उपयोगाचे आहे.

कोणी म्हणेल, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? मेणवलीच्या घाटावर वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिचा फोटो एका क्षणात निघतो. पण ती कशाला टांगली आहे, तिच्यावर काय कोरले आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो, हे फोटो काढणाऱ्याला विचारले तर त्याला मोबाइल उघडावा लागतो. चित्र काढणाऱ्याने ते एकेक करून पाहिलेले असते. इतिहासाच्या, भूगोलाच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला असे पाहणे आले पाहिजे, याबद्दल आपल्या प्राध्यापकांचेही दुमत नसावे.

याहून मोठे कारण माझ्या घरात आहे. माझ्या आईला अक्षरओळख नाही. मी महाविद्यालयात काय शिकतो, हे तिला माझ्या कोणत्याच वहीतून कळत नाही. परीक्षेच्या आधी ती त्या वह्या पुसून, चळत लावून ठेवते. एकदा चित्रवही उघडी राहिली होती. आठवडेबाजारातील भाजीवालीचे चित्र ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हिचा गुडघा दुखत असणार. बघ, सगळा भार एका कुशीवर टाकून बसलीय." मी समोर दिसले तसे काढले होते, त्या बसण्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, तिला ठाऊक होता. माझ्या सगळ्या वह्यांत आईला वाचता येते ती एवढी एकच. तेव्हापासून आठवड्यातून एकदा ती "काय काय काढलंस?" म्हणून विचारते, आणि मी जे पाहिले त्यातले न कळलेले मला सांगते. चौकातल्या पिंपळाच्या पाराला आधी दगडी कठडा होता, हे मला तिच्याकडूनच कळले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी आई, आजी किंवा आजोबा असतील. पुस्तके त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागेल. चित्र आज संध्याकाळी पोचते.

म्हणून विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. पुढच्या शैक्षणिक सहलीला निघण्यापूर्वी प्रत्येकाने एका तावाची ३२ पानांची वही शिवावी. शिवायला न आल्यास कोणत्याही मधल्या सुट्टीत मला भेटावे. दाभण आणि दोरा माझ्या शबनममध्ये असतो. सहलीहून परतल्यावर या वह्या ग्रंथालयातील एका टेबलावर दोन दिवस मांडून ठेवता येतील, आणि त्यांतील निवडक पाने या नियतकालिकाच्या पुढच्या अंकात छापता येतील. कोणाचे चित्र चांगले, हे ठरवण्याची गरज नाही. एकाच गाडीतून गेलेल्या चाळीस जणांनी चाळीस निराळ्या गोष्टी पाहिल्या, एवढे दिसले तरी पुरे.