ठेका आधी, गळा शेवटी

डिस्कोचा ठेका थोडक्यात सांगता येतो. चार मात्रांच्या आवर्तनात बास ड्रम चारही मात्रांवर सारख्याच जोराने पडतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमची थाप येते आणि दोन मात्रांच्या मधल्या जागेत हाय-हॅट ही झांजांची जोडी उघडून ‘त्स’ असा आवाज करते. वेग बहुधा मिनिटाला ११० ते १३० मात्रा. फिलाडेल्फियाचा ड्रमवादक अर्ल यंग याने हॅरोल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स यांच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ या १९७३ च्या रेकॉर्डवर हा ठेका वाजवला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिका आणि युरोप दोन्हीकडची नाचघरे त्याच ठेक्यावर चालू लागली.

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) येथील एका वाचकाचा प्रश्न याच ठेक्याबद्दल आहे. लग्नाच्या वरातीत धुमाल पथकाचे वादक जो एकसारखा ‘धम् धम् धम् धम्’ वाजवतात, तो डिस्कोतून आला की आपलाच आहे? या सदरात या आठवड्यात खरे तर अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ची पाळी होती. पण त्याचा संगीतकार बिद्दू याने हिंदी गाण्यात नेमके काय बदलले, हे या प्रश्नाच्या उत्तरात सापडते. म्हणून ‘मेड इन इंडिया’ पुढच्या आठवड्यावर.

प्रश्नाचा सोपा भाग आधी. आपल्याकडच्या हलक्याफुलक्या गाण्याचा सर्वांत परिचित ताल केहरवा. त्याच्या आठ मात्रा, ‘धा गे न ति, न क धिं न’, सारख्या वजनाच्या नसतात. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर काल. डग्गा एका अर्ध्यात घुमतो आणि दुसऱ्या अर्ध्यात काही काळ गप्प बसतो. या भरण्या-रिकामे होण्यावरच गायकाला आपण आवर्तनात कुठे आहोत ते कळते. डिस्कोच्या बास ड्रमला सम नाही आणि कालही नाही. चारही ठोके सारखे असल्यामुळे नाचणाऱ्याला आवर्तन मोजावेच लागत नाही. तो कुठूनही शिरू शकतो आणि कुठेही थांबू शकतो. मिरवणुकीच्या ढोलावर सारखे ठोके पूर्वीही पडत होते, कारण चालणाऱ्या पावलांना तेच सोयीचे. म्हणून ‘धम् धम्’ ऐकून काही ठरत नाही. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत ‘त्स’ वाजते का आणि खाली बासची वेगळी चाल धावते का, हे ऐकावे. ती दोन्ही असतील तर तो ठेका डिस्कोचा.

आता अवघड भाग: हा ठेका इथवर कोणत्या वाटेने आला?

बेंगळुरूत वाढलेल्या आणि मुंबईत ‘लोन ट्रोजन’ या नावाने एकट्याने गिटार घेऊन गाणाऱ्या बिद्दू अप्पय्याने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात लंडन गाठले. गायक म्हणून तिथे त्याचे फारसे काही झाले नाही. रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणून मात्र झाले. प्रोड्यूसर गाणे निवडतो किंवा लिहितो, गायक ठरवतो, वादक बोलावतो, कोणते वाद्य किती मोठे ऐकू येईल ते ठरवतो आणि शेवटचे मिश्रण होईपर्यंत खुर्ची सोडत नाही. मागच्या आठवड्यात या सदरात आलेल्या डिस्को-प्रोड्यूसर मोरोडरने हे काम सिंथेसायझरवर केले. बिद्दूने ते जिवंत वादकांच्या ताफ्याकडून करून घेतले आणि व्हायोलिनांच्या बांधणीसाठी गेरी शुरी हा अरेंजर हाताशी धरला.

१९७४ च्या ‘कुंग फू फायटिंग’ची गोष्ट अनेकांना ठाऊक असते, पण त्यातला कामाचा मुद्दा निसटतो. कार्ल डग्लससाठी तीन तासांचे स्टुडिओ-सत्र घेतले होते. त्यातला बहुतेक वेळ मुख्य गाण्यावर गेला आणि रेकॉर्डच्या मागच्या बाजूसाठी काहीतरी हवे म्हणून उरलेल्या सुमारे दहा मिनिटांत, दोन प्रयत्नांत, ‘कुंग फू’ उरकले गेले. ‘पाय’ या रेकॉर्ड कंपनीने तेच पुढच्या बाजूला घेतले. गाणे ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. दहा मिनिटांत हे जमले, कारण ताल आणि बास यांची बैठक पक्की असलेले वादक खोलीत तयार होते. गाणे वरून बसवायचे होते, इतकेच. १९७६ मध्ये टीना चार्ल्सचे ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आले तेव्हा हीच रीत पूर्ण आकाराला आली होती: खाली न थांबणारा ठेका, त्यावर उड्या मारणारा बास, मग गिटार, मग व्हायोलिने आणि सगळ्यांत शेवटी गळा.

टीना चार्ल्सच्या साथीच्या वाद्यवृंदात बास वाजवणारा एक तरुण होता, ट्रेव्हर हॉर्न, आणि कीबोर्डवर जेफ डाउन्स. बिद्दूने बांधलेली गाणी रोज रात्री रंगमंचावर वाजवता वाजवता ती आतून कशी रचली आहेत, हे हॉर्नला उमगत गेले. १९७९ मध्ये या दोघांनी ‘द बगल्स’ या नावाने ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ केले. तेही ब्रिटनमध्ये पहिले आले, आणि १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाली ती याच गाण्याच्या चित्रफितीने. पुढे हॉर्न स्वतः ऐंशीच्या दशकातला मोठा प्रोड्यूसर झाला. फ्रँकी गोज टू हॉलिवुडचे ‘रिलॅक्स’ त्याचेच. आणि १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींनी उषा उत्थुप यांच्याकडून ‘कोई यहाँ नाचे नाचे’ गाऊन घेतले, त्याची चाल बगल्सच्या गाण्यावरून घेतलेली. म्हणजे मुंबईहून लंडनला गेलेल्या माणसाची रीत त्याच्या साथीदाराच्या हातून फिरून मुंबईत परतली. बप्पीदांच्या ‘चोऱ्यां’च्या याद्या बनवणाऱ्यांनी हा धागा सहसा धरलेला नाही. चाल कुठून आली एवढेच पाहिले, तर तिच्याबरोबर कामाची रीत आली हे दिसत नाही.

तोवर थेट वाटही उघडली होती. फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’चे (१९८०) संगीत कल्याणजी-आनंदजींचे होते, एकच गाणे बिद्दूचे, ‘आप जैसा कोई’. गायिका नाझिया हसन, वय जेमतेम पंधरा. ध्वनिमुद्रण लंडनमध्ये, चोवीस ट्रॅकवर.

चोवीस ट्रॅकचे महत्त्व कळण्यासाठी तेव्हाची मुंबईची पद्धत ध्यानात घ्यावी लागते. ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा स्टुडिओंत मोठा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी गात-वाजवत. संगीतकाराची चाल, सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय अरेंजरांनी लिहिलेले स्वरलेखन, काचेमागे रेकॉर्डिस्ट: काम असे वाटलेले असे. एका व्हायोलिनवाल्याची चूक झाली की सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात. या पद्धतीत गायकाचा श्वास आणि साथ एकमेकांना धरून चालत. तिच्यातून अजोड गाणी निर्माण झाली. पण गळा मध्यभागी आणि ठेका त्याच्या सेवेला, ही उतरंड तिच्यात गृहीतच होती.

चोवीस ट्रॅकवर प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित होते. ठेका आधी पक्का करून ठेवता येतो, बास त्याला घट्ट बांधता येतो, आणि गायिका आठवड्यानंतर आली तरी चालते. नाझियाचा आवाज कोवळा आणि बारीक होता. तो दोनदा मुद्रित करून एकावर एक बसवला की त्याला भरीवपणा येतो आणि किंचित दूरचा, यंत्रातून आल्यासारखा रंगही. लता-आशा यांच्या आवाजावर पोसलेल्या कानांना हे नवे होते. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार नाझियाला मिळाला, तो तालमीतून घडलेल्या गळ्याला नव्हे, तर एका ध्वनीला मिळाला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

१९८१ च्या ‘डिस्को दीवाने’ने पुढचे पाऊल टाकले. नाझिया, तिचा भाऊ झोहेब आणि बिद्दू यांची ही रेकॉर्ड कोणत्याही चित्रपटासाठी नव्हती, तरी ती भारत-पाकिस्तानात तुफान खपली. नायिका नाही, प्रसंग नाही, पडदा नाही, आणि तरीही हिंदी गाणे घरोघरी पोचते, हे त्यातून सिद्ध झाले. पुढच्या दशकातल्या ‘इंडीपॉप’चा पाया तिथे पडला.

त्याच सुमारास मुंबईत एका चित्रपट-वादकाने हीच उतरंड आणखी उलटी केली. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड काढली. रोलंड कंपनीची टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही यंत्रे ठेका आणि बास सांभाळतात. वर भैरवी, ललत, भूपाळी, मालकंस, यमन. गळा पूर्णच गेला! तेव्हा कुणी विचारले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले, कारण शिकागोचे ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीत ज्या टीबी-३०३ वर १९८७ च्या सुमारास उभे राहिले, तिचाच वापर इथे पाच वर्षे आधी झालेला होता. बिद्दूचा या रेकॉर्डशी संबंध नाही. पण ठेका आधी बांधून वर काहीही ठेवता येते, अगदी रागसुद्धा, हा विचार तेव्हा मुंबईच्या हवेत होता.

१९८५ मध्ये रोलंडचा ऑक्टोपॅड आला आणि रीत यंत्रात उतरली. बास ड्रम, स्नेअर, हाय-हॅट हे सगळे आठ चौकोनांत, एका माणसाच्या दोन काठ्यांखाली. ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळे, बँड यांनी तो उचलला. विदर्भातल्या धुमालमध्ये पॅड, कीबोर्ड आणि ढोल एकाच गाडीवर चढतात. त्यात पॅडवाला आधी ठेका लावतो, कीबोर्डवाला बासची चाल धरतो, आणि मगच वऱ्हाड्यांच्या फर्माइशीचे गाणे वर येते. ते गाणे लावणीचे असो, भीमगीत असो की ताज्या चित्रपटातले, खालची बैठक बदलत नाही.

तेव्हा आंजीच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. ढोलाचे सारखे ठोके आपलेच, मिरवणुकीइतके जुने. पण ठेका आणि बास यांची बैठक आधी मांडायची आणि त्यावर कोणतेही गाणे आणून बसवायचे, ही रीत डिस्कोची; आणि हिंदी गाण्यात ती ठळकपणे आणली बिद्दूने. पुढच्या आठवड्यात ‘मेड इन इंडिया’: १९९५, अलिशा चिनॉय, मॅग्नासाउंड, आणि चित्रफितीतून घराघरांत पोचलेला मिलिंद सोमण.