पहिलाच ब्रेक लागला पाहिजे!

म्हैसूरचा राजवाडा पाहून झाला, की बहुतेक मराठी कुटुंबांची गाडी कूर्गकडे वळते. राष्ट्रीय महामार्ग २७५ वर सुमारे ४५ किलोमीटरवर हुणसूर लागतं. इथून सरळ गेलं तर कुशालनगरनंतर मडिकेरीचा घाट. डावीकडे गोणिकोप्पलच्या रस्त्याला लागलं तर नागरहोळेच्या जंगलाची कड. गाडीच्या ब्रेकची खरी परीक्षा या दोन रस्त्यांवर होते आणि दोन्हीकडचे प्रश्न अगदी वेगळे असतात.

जंगलाच्या रस्त्यावर बराच वेळ ब्रेकला हात, म्हणजे पाय, लागत नाही. ब्रेक थंड असतात. अशात झाडीतून चितळ उडी मारतं. तिथे पहिलाच ब्रेक लागायला हवा. घाटात याच्या उलट. मडिकेरीहून कुशालनगरला येताना गाडी सुमारे ३०० मीटर खाली उतरते. माणसं आणि सामान धरून १२०० किलोची गाडी एवढी उतरताना जी ऊर्जा सोडते, तिच्यात दहा-अकरा लिटर पाणी उकळेल! त्यातली काही इंजिन आणि हवा घेतात. उरलेली उष्णता ब्रेकना सोसावी लागते.

दिखाऊ की कामाचं?

पॅड आणि डिस्क (यालाच रोटर म्हणतात) बदलायची वेळ आली, की दुकानात भोकं पाडलेल्या, खाचा असलेल्या चकचकीत डिस्क आणि ‘रेसिंग’ पॅड समोर येतात. घरातल्या तरुण मंडळींना ते हवेच असतात. पण शर्यतीचे पॅड तापल्यावर उत्तम पकडतात, थंड असताना कमी. म्हणजे चितळ समोर आलं, त्याच क्षणी कमी पडणार. शिवाय ते आवाज करतात आणि डिस्कही लवकर झिजवतात. डिस्कच्या भोकांच्या कडेला जास्त तापल्यावर बारीक चिरा पडू शकतात. रोजच्या गाडीला कंपनीने सांगितलेल्या मापाची साधी डिस्कच चांगली. पुढच्या चाकांना मूळची डिस्क मधून पोकळ, हवा खेळणारी असेल, तर नवीनही तशीच घ्या.

पॅड कोणते?

ऑरगॅनिक पॅड मऊ, शांत आणि स्वस्त. पण लवकर झिजतात आणि लांब उतारावर लवकर दमतात. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातूचा चुरा असतो. ते उष्णता चांगली सोसतात, पण काळी धूळ आणि थोडा आवाज येतो. सिरॅमिक पॅड शांत, कमी धुळीचे आणि महाग. फक्त शहरात फिरत असाल तर पहिला किंवा तिसरा प्रकार चालतो. वारंवार घाट आणि भरलेली गाडी असेल, तर चांगल्या कंपनीचे सेमी-मेटॅलिक पॅड विचारा. पाकिटावर आपल्या गाडीचं मॉडेल आणि ‘अ‍ॅस्बेस्टॉस नाही’ असं लिहिलेलं पाहा. नकली माल ओळखणं कठीण असतं, म्हणून ओळखीच्या दुकानातून पक्कं बिल घेऊनच खरेदी करा.

बदलायचं कधी?

पॅडवरचा घासणारा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला, की बदला. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर बऱ्याच गाड्यांत तो पॅड संपत आल्याचा इशारा असतो. खरखर ऐकू आली, तर लोखंडावर लोखंड घासतंय असं समजा, लगेच थांबा. डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मेकॅनिकला मोजायला सांगा. जाडी त्याच्या खाली गेली असेल, तर ‘लेथवर सपाट करून देतो’ याला नाही म्हणा. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते आणि जास्त तापते.

एकाच चाकाचे पॅड कधीही बदलू नका. डावं-उजवं दोन्ही एकदम बदला, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढेल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. त्यामुळे ते कमी तापमानाला उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. साधारण दोन वर्षांनी, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ऑइल भरून घ्या.

नवे ब्रेक, लगेच घाट नको

सर्वात जास्त विसरलं जातं ते हे. नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत वेग हळूहळू कमी करा. मध्ये थोडं अंतर ठेवून असं आठ-दहा वेळा करा. गाडी पूर्ण थांबवू नका, तापलेले ब्रेक दाबून धरू नका. पॅडच्या पाकिटात वेगळी सूचना असेल तर ती पाळा. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळा. म्हणजे ब्रेकचं काम सहलीच्या आदल्या दिवशी नाही, तर दोन आठवडे आधी उरकायचं.

आणि घाट उतरताना? दुसऱ्या किंवा तिसऱ्या गियरमध्ये इंजिनलाच गाडी रोखू द्या. ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वेग वाढला की नीट दाबा, मग सोडा. जळका वास आला किंवा पेडल मऊ वाटलं, तर सुरक्षित जागी थांबा. ब्रेक निवू द्या, चाकांवर पाणी ओतू नका. तोवर कूर्गची कॉफी घ्या. मागच्या सीटवर आजी आणि नातवंडं बसलेली असताना दहा मिनिटं उशीर झाला, तर काही बिघडत नाही.