आखाजी आणि बाहुलीचे लुगडे

साडेतीन मुहूर्तांतील वैशाख शुद्ध तृतीया खानदेशात ‘आखाजी’ म्हणून ओळखली जाते. शिंदखेडा परिसरात त्या दिवशी पितरांसाठी घागर भरली जाते. पण सणाचा खरा मान सासुरवाशिणींचा. गौराई माहेरी येते, तशा लेकी येतात, झाडांना झोके बांधले जातात. आमच्या लहानपणी याच सुटीत बाहुला-बाहुलीचे लग्नही थाटात लागे.

ती चिंध्यांची बाहुली आठवली की एक गोष्ट ध्यानात येते. तिला परकर-पोलके कधीच नसे. शिंप्याकडून मागून आणलेल्या तुकड्यांतून खणाची चोळी, आईच्या विरलेल्या लुगड्याच्या काठाचे लुगडे, डोक्यावर पदर, मण्याची नथ, असा तिचा साज. परकर नेसलेली मुलगी बाहुलीला मात्र लुगडेच नेसवी. बाहुली जन्मतःच नवरी असे.

लहान बाळाचा पोशाख घरात एकाच मूर्तीला मिळे. देवघरातील रांगत्या बाळकृष्णाला अंगडे-टोपडे शिवण्यात घरच्या बायका हौसेने रमत. देवाच्या बाळपणाचे एवढे कौतुक करणाऱ्या घरांत लेकीचे बाळपण किती लवकर आटोपते घेतले जाई, याचा विचार त्या काळी फारसा कुणाच्या मनात आला नसावा.

जळगावजवळच्या आसोदे गावी 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी तेराव्या वर्षी सासरी गेल्या. आखाजीच्या माहेरसुखावर त्यांनी कविता केली, ती काही उगीच नव्हे. लहान मुलीच्या छोट्या लुगड्याला ‘चिरडी’ असा स्वतंत्र शब्द मराठीत होता; शब्द असतो तेथे वापरही असतो. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय 14 ठरविले, ते 1978 मध्ये 18 झाले. कायदा झाला म्हणून आखाजीचा मुहूर्त साधणारे बालविवाह लगेच थांबले नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे.

आमची आजी दहाव्या वर्षी सासरी आली. पहिल्या आखाजीला माहेरी गेली, तेव्हा कोनाड्यातली बाहुली होती तशीच होती. दोघींच्याही अंगावर लुगडे. आजी म्हणे, “मी झोक्यावर गेलेच नाही, तिला घेऊन बसले.” एवढे सांगून ती दुसऱ्या कामाला लागे.

पुढे धुळ्याच्या बाजारातून धाकट्या बहिणीसाठी फ्रॉक घातलेली प्लॅस्टिकची बाहुली आली. पायांत बूट, केस मोकळे, कपाळ कोरे. तिच्यासाठी शिवायचे काहीच उरले नाही, याची आईला थोडी हळहळ वाटली; सुईदोऱ्याचा पहिला धडा बाहुलीपाशीच गिरवला जाई. आजीने मात्र ती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली, फ्रॉकची झालर बोटांनी सारखी केली आणि विचारले, “हिचे लग्न अजून व्हायचे आहे ना?”

बहीण म्हणाली, “ती शाळेत जाते, आजी.”